केवळ क्रम जुळणे पुरेसे नाही
मायक्रोआरएनए म्हणजे जनुकांचे काम नियंत्रित करणारे छोटे आरएनए रेणू; ते लांब पूर्वगामी रेणूतून कापले जाऊन परिपक्व होतात. अशा परिपक्व रेणूचा क्रम ब्लास्ट या क्रम शोधणाऱ्या संगणकप्रणालीने दुसऱ्या प्रजातीच्या जीनोमवर (संपूर्ण डीएनएवर) जुळवला की तिथला समकक्ष, म्हणजे समान पूर्वजापासून आलेला, रेणू सापडतो, असे एक मत आहे; त्यात मला भर घालावीशी वाटते. हा क्रम जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या घटक-अक्षरांचा) असल्यामुळे, एकदोन फरक चालवून घेतले तर मोठ्या जीनोममध्ये निव्वळ योगायोगानेही पुष्कळ जुळण्या मिळतात. म्हणून जुळलेल्या जागेच्या आजूबाजूचा भाग घेऊन त्याची केसांच्या पिनेसारखी घडी पडते का, आणि परिपक्व क्रम त्या घडीच्या एका बाजूवरच येतो का, हे आरएनएफोल्ड या घडीचा अंदाज बांधणाऱ्या संगणकप्रणालीने तपासणे अत्यावश्यक आहे. अर्थात अशा घड्याही जीनोममध्ये विपुल असतात. त्यामुळे क्रम आणि घडी यांचा एकत्रित विचार करणारी इन्फर्नल या संगणकप्रणालीतील कोव्हेरियन्स मॉडेल्स मला अधिक भरवशाची वाटतात.

लेट-७ हा मायक्रोआरएनए याचे उत्तम उदाहरण आहे. सी. एलेगन्स या सूत्रकृमीत सापडलेला हा रेणू माणसासह अनेक प्राण्यांत असल्याचे २००० सालीच दाखवले गेले, मात्र त्यात टिकून राहिला आहे तो प्रामुख्याने परिपक्व क्रम. पूर्वगामी रेणूचा उरलेला भाग बराच बदललेला आहे. शिवाय माणसाच्या जीनोममध्ये लेट-७ कुटुंबाची अनेक जनुके असल्याने, नेमके कोणते जनुक कोणाचे समकक्ष आहे हे ठरवताना शेजारच्या जनुकांचा क्रम पाहावाच लागतो.