नेटवेअर सर्व्हर आणि व्हॅक्स एकाच केबलवर, तरी फाइल जात नाही

जुनाटयंत्र:
मंडळी, एका ४८६ पीसीवर नेटवेअर ३.१२ (नोव्हेलची नेटवर्क सिस्टिम) चा फाइल सर्व्हर आहे, शेजारी मायक्रोव्हॅक्स ३१०० (डेक कंपनीचा जुना संगणक), त्यावर व्हीएमएस ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आणि टीसीपी/आयपी चालू, सगळं एकाच पातळ कोॲक्सवर. तिसरा एक डॉसचा पीसी, तो सर्व्हरला झकास लॉगिन होतो, एफ ड्राइव्ह दिसतो, पण व्हॅक्सचा पत्ताच नाही. सर्व्हरवरच्या फाइली व्हॅक्सवर न्यायच्यात एवढंच. केबल तीनदा बदलून झाली. डेकनेट (डेकचं स्वतःचं नेटवर्किंग) चालू करून बघू का?

तारजोड:
अरे केबलला सोड आता. फारच शंका असेल तर सगळ्या मशीन बंद करून टी कनेक्टरवर मल्टिमीटर लाव, मधली पिन आणि बाहेरची जाळी, २५ ओहमच्या आसपास आलं की केबलच्या दोन टोकांचे ५० ओहमचे दोन्ही टर्मिनेटर जागेवर आहेत, ५० आलं तर एक निसटलाय.

खरी गोची वेगळी आहे. सर्व्हर बोलतो आयपीएक्स (नेटवेअरचा प्रोटोकॉल), ते पण ८०२.२ फ्रेममध्ये, म्हणजे पाकिटाच्या त्या बांधणीत (३.१२ ला तोच डीफॉल्ट, ३.११ ला ८०२.३ होता) आणि व्हॅक्सचं टीसीपी/आयपी जातं इथरनेट-टू फ्रेममध्ये. ह्याचं पाकीट त्याच्या दारात पडलं तरी उघडणारं कोणी नाही. सर्व्हरला हात लावू नकोस, डॉसच्या पीसीलाच मधे घाल. नेट.सीएफजी या सेटिंगच्या फाइलीत लिंक ड्रायव्हरखाली दोन फ्रेम लिही, आधी ८०२.२ मग इथरनेट-टू. एलएसएल, कार्डाचा ओडीआय ड्रायव्हर, आयपीएक्सओडीआय, व्हीएलएम हे नेटवेअरचे ड्रायव्हर नेहमीसारखे, त्यानंतर ओडीआयपीकेटी (टीसीपी/आयपीच्या प्रोग्रामला तेच कार्ड वापरू देणारा जोड) चढव आणि त्यावर एमटीसीपी या डॉसच्या टीसीपी/आयपी पॅकेजमधलं फाइल पाठवायचं एफटीपी. एफ वरून उचल, व्हॅक्सवर टाक.

डेकनेट नको, ते कार्डाचा पत्ताच बदलून एए-००-०४-०० ने सुरू होणारा करून टाकतं आणि नेटवेअरला त्यातलं काही कळत नाही ते नाहीच.

जुनाटयंत्र:
मीटर २६ दाखवतोय, म्हणजे केबलवर उगाच राग काढला. पिंग मात्र अजून नाही, ओडीआयपीकेटी ० देऊन चालवलं.

तारजोड:
० म्हणजे पहिली फ्रेम रे, मोजणी शून्यापासून. १ दे.

जुनाटयंत्र:
लागला पिंग!! टेक्स्ट फाइली गेल्या पण, पण सर्व्हरवर एक जुना बॅकअप सेव्हसेट (व्हीएमएसच्या बॅकअपची एकत्र बांधलेली फाइल) होता तो बायनरीत पाठवला तर व्हीएमएसचं बॅकअप म्हणतं हा सेव्हसेटच नाही. फाइल बिघडली का?

रेकॉर्डवाला:
बिघडली नाही, एफटीपीने बायनरी आणली की व्हीएमएस ती ५१२ बाइटचे रेकॉर्ड (फाइलचे ठरावीक लांबीचे तुकडे) धरून ठेवतं, आणि डिस्कवरचा सेव्हसेट बहुतेक वेळा ३२२५६ चा असतो. डॉसला रेकॉर्ड हा प्रकारच माहीत नाही, त्यामुळे ती माहिती तिकडे गेली तेव्हाच गळाली. सेट फाइल/ॲट्रिब्यूट=(आरएफएम:एफआयएक्स,एलआरएल:३२२५६) दे, पुढे फाइलचं नाव, मग बॅकअप/लिस्ट करून बघ. टेक्स्ट नेहमी आस्कीतच पाठव. आणि तीच फाइल परत परत पाठवलीस तर ;२ ;३ अशा व्हर्जन साचतात, डिस्क छोटी असेल तर मधेमधे पर्ज (जुन्या व्हर्जन पुसणारी कमांड) मार.

जुनाटयंत्र:
आली पूर्ण लिस्ट. ;७ पर्यंत गेलो होतो, पर्ज केलं.