अपमान नेमका कुठे होतो? अपंग बायकांसोबत काम करणाऱ्यांचा अनुभव धागा

‘समाजाची मानसिकता बदलायला हवी’ हे सगळ्यांना पाठ आहे, ते इथे नको. अपंग बाईला कोणत्या टप्प्यावर, कोणत्या व्यवस्थेमुळे खाली मान घालावी लागते आणि तिथे काय करता येतं, एवढंच लिहा. आपबीती नको, कामातून हाती आलेलं सांगा.

कॅलिपर व कृत्रिम अवयव तंत्रज्ञ

मोजमाप शिबिरापासून सुरू करतो. मांडव, एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोर रांग. पोलिओच्या पायाला मांडीपर्यंतचा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा, करायचा तर जांघेपासून टाचेपर्यंतची आतल्या बाजूची लांबी लागते. मांडीचा घेर दोन ठिकाणी, गुडघ्याची रुंदी, पोटरीचा घेर, घोट्याची रुंदी आणि कागदावर पावलाची आउटलाइन, हेही लागतं. पुरुष लुंगी वर सरकवतो, काम झालं. बाईचं माप मात्र सलवारीवरून घेतात, कारण पडदा नाही, बाई तंत्रज्ञ नाही आणि अख्खी रांग टक लावून बघतेय. कापडाच्या चुण्यांनी घेर दीड-दोन सेंटिमीटर जास्त भरतो. वरचा पट्टा सैल बसतो, कॅलिपर खाली घसरतो, त्याचा सांधा गुडघ्याशी जुळत नाही आणि बसता-उठताना पट्टा मांसात रुततो. कातडी सोलली की कॅलिपर माळ्यावर. पुढच्या शिबिरात तेच संयोजक म्हणतात, “फुकट दिलं तरी वापरत नाहीत या बायका.”

यावर उपाय स्वस्त आहे. दोन दोऱ्या आणि चार चादरी लावून आडोसा करायचा. इलॅस्टिकच्या अर्ध्या चड्ड्या लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांत धुऊन ठेवायच्या. तंत्रज्ञ पुरुष असेल तर टेप आशाताईंनी धरावी, त्यानं फक्त खुणा सांगाव्यात आणि आकडा लिहावा. हात लावण्याआधी विचारायचं ते तिला, सोबत आलेल्या दिराला नाही. आणि वाटपाचा फोटो काढायचाच असेल तर तो तिच्या होकारानं, पाय झाकल्यावर. पाहुण्यांना घाई असते म्हणून आधी हार, मग फोटो आणि जमलं तर माप, असा क्रम मी तरी चालू देत नाही.

परिचारिका, स्त्रीरोग विभाग

वरच्या मुद्द्याला जोडून. आमच्याकडे अडचण टेबलाच्या उंचीची. नेहमीचं तपासणी टेबल साधारण ऐंशी सेंटिमीटर उंच, व्हीलचेअरची बैठक पन्नासच्या आसपास. मग दोन वॉर्डबॉय बोलावून तिला पोत्यासारखं उचलतात, तेही अर्धे कपडे काढलेले असताना. ज्या बाईनं हे एकदा सोसलं ती पुन्हा तपासणीला येत नाही. शिवाय ‘हिला कशाला पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी)?’ हा प्रश्न तिच्या देखत विचारला जातो. लग्न झालेलं नाही म्हणजे शरीरसंबंध नाही, अपंग आहे म्हणजे तर नाहीच, असं परस्पर गृहीत धरलेलं असतं.

खाली येणारं टेबल नसेल तर कमी उंचीच्या साध्या खाटेवर तपासणी होते. तिला डाव्या कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पोटाकडे घ्यायचा. पाय रिकिबीत अडकवायची गरज नाही. पाय आखडत असतील तर जोर लावू नका, ताठरपणा सैल होईपर्यंत थांबा. छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असेल तर आधी रक्तदाब मोजा. तपासणी चालू असताना डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर ती ‘नाटकं’ नसतात, रक्तदाब धोक्याच्या पातळीवर चढत असतो. लगेच स्पेक्युलम (योनी उघडी धरणारं तपासणीचं साधन) काढा, तिला बसतं करा, लघवीची नळी कुठे मुडपली आहे का बघा आणि डॉक्टरांना बोलवा.

विशेष शिक्षिका, मतिमंद मुलींची शाळा

1994 साली शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससूनमध्ये काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं होतं. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर ते थांबलं. आज 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 10 आहे: मूल होण्याची क्षमता जाईल असा कोणताही उपचार तिच्या मोकळ्या आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही. तरी पालकसभेत एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारतेच, “पिशवी काढून टाकली तर?” त्या आईला दोष देऊन काय होणार? तिला शिकवण्याची पद्धत द्यावी लागते.

पाळी यायच्या आधी, नऊ-दहाव्या वर्षापासून सुरुवात करा. फिक्या रंगाच्या निकरवर पॅड ठेवून त्याच्या कडेनं रंगीत दोऱ्याचा टाका घाला. पॅड त्या चौकटीत बसवणं एवढाच पहिला धडा. मग पॅडवर चमचाभर कुंकवाचं पाणी टाकून काढणं, गुंडाळणं, कागदात घालणं, डब्यात टाकणं, हात धुणं. प्रत्येक पायरीचं चित्र न्हाणीघरात तिच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. पॅड बदलायच्या वेळा ठरलेल्या हव्यात: उठल्यावर, न्याहारीनंतर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना. ‘ओलं लागलं की बदल’ ही सूचना फसते, कारण बऱ्याच मुलींना ओल जाणवतच नाही. आई एक शिकवते, आजी दुसरंच, मग मुलगी गोंधळते. आणि डाग पडला म्हणून चारचौघांत ओरडलं की ती पॅड लपवू लागते, तिथून खरी घाण सुरू होते.

सांकेतिक भाषेची दुभाषी

पोलीस ठाण्यात कर्णबधिर बाईसोबत आलेल्या भावाला किंवा सासूलाच ‘तुम्हीच सांगा काय म्हणते ती’ असं बसवतात. आरोपी घरातलाच असू शकतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. लैंगिक गुन्ह्यात अपंग बाईचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, दुभाषी वा विशेष शिक्षक हजर ठेवून आणि चित्रीकरण करून घ्यायचा, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 173मध्ये स्पष्ट आहे. कलम 183खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दिलेला चित्रित जबाब तर सरतपासणीच्या (तिच्याच बाजूच्या वकिलानं घेतलेल्या साक्षीच्या) जागी धरला जातो, म्हणजे तीच कहाणी तिला पुन्हा भर कोर्टात सांगावी लागत नाही.

चित्रीकरणात चुका ठरलेल्या. कॅमेरा फक्त तोंडावर, हात चौकटीबाहेर. कपाळापासून कमरेपर्यंत ती दिसली पाहिजे, शेजारी दुभाषीही दिसली पाहिजे, उजेड समोरून हवा. ‘हो की नाही’ छापाचे प्रश्न टाळा. ती मान डोलावते ते पुष्कळदा ‘प्रश्न कळला’ एवढंच सांगायला, आणि कागदावर मात्र ‘होय’ उतरतं. शाळेत न गेलेल्या बायकांच्या खुणा घरगुती असतात. तिथे माझ्यासारखीला एकटीला जमत नाही, एक कर्णबधिर सहकारी मध्ये लागतो.

वकील, जिल्हा न्यायालय

2016च्या कायद्याचं कलम 92: लोकांसमोर अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आणि दंड. फिर्यादीत शब्द जसेच्या तसे घ्या. ठाणे अंमलदार ‘अर्वाच्य शिवीगाळ केली’ असं गुळमुळीत लिहितो आणि केस तिथेच पातळ होते. जागा लिहा (पाणवठा, एसटी स्टँड, सोसायटीचा जिना) आणि ऐकणाऱ्या दोघांची नावं.

पण ‘लोकांसमोर’ ही अट घराच्या उंबऱ्याशी अडते. आणि ‘लंगडी पदरात घेतली’ हे रोज ऐकवलं जातं ते घरातच. तिथे 2005चा कौटुंबिक हिंसाचार कायदा वापरा. टोमणे, हिणवणं हा त्यात भावनिक छळ आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडून नमुना 1मध्ये घटना अहवाल भरून घ्या. श्रवणयंत्राचे सेल काढून ठेवणं, कुबडी लपवणं, पेन्शनचं पासबुक सासूच्या ताब्यात असणं, हे सगळं वेगवेगळं लिहा. कलम 19खाली तिची वस्तू परत द्यायचा आदेश मागता येतो.

समाजकार्यकर्ती

दिव्यांग-अव्यांग विवाहाला राज्याचं प्रोत्साहन अनुदान आहे. मूळ योजनेतल्या पन्नास हजारांची फोड अशी होती: पंचवीस हजारांचं बचत प्रमाणपत्र, वीस हजार रोख, साडेचार हजार संसारोपयोगी वस्तूंना आणि पाचशे स्वागत समारंभाला. नवरदेवानं मोठं मन दाखवलं म्हणून सत्कार, असा तो समारंभ होतो. रोख रक्कम नवऱ्याच्या हाती पडून संपते, म्हणून अर्ज भरतानाच संयुक्त खात्याचा आग्रह धरा आणि प्रमाणपत्राची मूळ प्रत तिच्याकडे राहील असं बघा. धाकटीला ‘बघायला’ येणार म्हणून अपंग थोरलीला मावशीकडे पाठवतात, त्यावर मात्र अर्ज-बिर्ज काही चालत नाही. घरच्यांशी बसून बोलावं लागतं, तेही पाहुणे यायच्या आधी.

आशा गटप्रवर्तक

ग्रहणात भाजी चिरली म्हणून मूल अपंग झालं, हे सासर सुनेला वर्षानुवर्षं ऐकवतं. बाळंतिणीच्या पहिल्या गृहभेटीत हे खरं नाही असं सासूसमोरच सांगायचं, सुनेला एकटीला गाठून नाही. नवऱ्यालाही त्याच वेळी बसवायचं, कारण दवाखान्याच्या फेऱ्या पुढे तिच्या एकटीच्या गळ्यात पडतात.

तंत्रज्ञ (पुन्हा)

एक राहिलं. अपंगत्व प्रमाणपत्राच्या शिबिरात नावासकट ‘अमुक टक्के, मतिमंद’ असं माइकवर पुकारतात. टोकन नंबर पुकारला तरी काम तेवढंच होतं. संयोजकांशी हे आदल्या दिवशीच बोलून ठेवा, ऐन वेळी माइक कोणी सोडत नाही.