गवंड्याचे अपंगत्व १५ टक्केच धरले : नुकसानभरपाई वाढवून मागण्यासाठी अपील करावे का?

प्रश्न (सांगली जिल्हा)

माझा थोरला भाऊ गवंडी आहे. तो ३८ वर्षांचा असताना कामावरून सायकलने परतत होता, तेव्हा मागून आलेल्या मोटारीने त्याला उडवले. उजव्या गुडघ्याखालचे हाड मोडले, आत सळई बसवावी लागली आणि गुडघा आजही अर्धाच वाकतो. सरकारी रुग्णालयाच्या दाखल्यात त्या पायाचे अपंगत्व ४५ टक्के लिहिले आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मात्र संपूर्ण शरीराच्या मानाने ते १५ टक्केच ठरवले आणि उत्पन्नाचा पुरावा नाही म्हणून महिना ८,००० रुपये धरून कमाईच्या नुकसानीपोटी २,१६,००० रुपये मंजूर केले. दादाला परांचीवर चढता येत नाही, उकिडवे बसून फरशी लावता येत नाही. विमा कंपनीने भरलेली रक्कम उचलली तर अपिलाचा हक्क जातो, असे गावात सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर (वकील, कोल्हापूर)

रक्कम उचलल्याने अपिलाचा हक्क जात नाही. मात्र ती ‘पूर्ण व अंतिम’ स्वीकारल्याचा मजकूर असलेल्या कागदावर सही करू नये, आणि लोकअदालतीत घाईने तडजोड करू नये, कारण तिथल्या निवाड्यावर अपील चालत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ नुसार निकालापासून ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी आजच अर्ज करा. नक्कल मिळेपर्यंतचा काळ मुदतीतून वगळला जातो. पुढे उशीर झालाच, तर त्याचे सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागावी लागते. सांगलीची अपिले आता मुंबईला न्यावी लागत नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झाले आहे.

आता मूळ मुद्दा. अवयवाचे अपंगत्व आणि कमाईच्या क्षमतेचे नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) या निकालात स्पष्ट केले आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा चालकाची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते, असे त्यात म्हटले आहे. तुमच्या भावाच्या बाबतीत न्यायाधिकरणाने पाय मोजला, गवंडीकाम मोजले नाही, आणि माझ्या मते अपिलाचा सर्वांत भक्कम आधार हाच आहे. दुसरे म्हणजे, चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भविष्यातील वाढ म्हणून ४० टक्के मिळवले जातात, आणि कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यांनाही हे लागू असल्याचे पप्पू देव यादव (२०२०) प्रकरणात सांगितले आहे. म्हणजे तेच ८,००० रुपये धरले तरी महिना ११,२०० होतात. वर्षाच्या उत्पन्नाला ३८ व्या वर्षासाठीचा १५ हा गुणक (वयानुसार ठरलेला गुणायचा आकडा) लावून एकूण २०,१६,००० रुपये. त्याच्या १५ टक्के म्हणजे ३,०२,४०० आणि कमाईचे नुकसान ६० टक्के मान्य झाले, तर १२,०९,६०० रुपये. किती टक्के मान्य होतील, हे पुराव्यावर ठरेल.

उत्तर (बांधकाम कामगारांमध्ये काम करणारी कार्यकर्ती)

उत्पन्नाचा कागद नाही म्हणून कमी रक्कम धरणे फार अन्यायाचे आहे. नाक्यावर उभे राहणाऱ्याला पगारपत्रक कोण देणार? हमालाकडून लेखी पुराव्याची अपेक्षा करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रामचंद्रप्पा (२०११) प्रकरणात म्हटले आहे. तरीही ठेकेदाराची हजेरी वही, बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे नोंदणी कार्ड आणि त्या वर्षीचे किमान वेतनाचे दर शोधून ठेवा.

प्रश्नकर्ता

कार्ड आहे, पण खटल्यात दाखल केले नव्हते. डॉक्टरांची साक्षही झाली नाही. आणि वकिलाची फी कशी भागवायची?

उत्तर (वकील, कोल्हापूर)

अपिलात नवा पुरावा सहजासहजी घेतला जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ खाली अर्ज करून तो आधी का देता आला नाही हे पटवावे लागते. त्यामुळे डॉक्टरांकडून केवळ टक्केवारी न घेता, दादाला ओझे उचलणे, शिडी चढणे, उकिडवे बसणे यांपैकी काय कायमचे जमणार नाही, हे लिहून घ्या. फीसाठी विधी सेवा समितीकडे अर्ज करा. कायद्याने दिव्यांग ठरणारी व्यक्ती उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकिलास पात्र असते, आणि ४५ टक्क्यांचा दाखला त्यासाठी उपयोगी पडेल.