सात जणांचे जेवण, दोन शेगड्या आणि नवशिका स्वयंपाकी

लातूरकर_पुण्यात

नमस्कार. मी मूळचा लातूरचा असून नोकरीनिमित्त पुण्यात एका मित्रासोबत भाड्याच्या घरात राहतो. येथे आल्यापासून माझ्या आत्याने मला जवळजवळ दर रविवारी जेवू घातले आहे. आता एकदा तिला आणि तिच्या घरच्यांना माझ्याकडे रात्री जेवायला बोलवावे, आणि तेही बाहेरून न मागवता स्वतःच्या हाताने रांधून, अशी इच्छा आहे. येत्या श्रावणातला एक शनिवार ठरवला आहे. आत्या, आतोबा, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी असे पाच पाहुणे आणि आम्ही दोघे, म्हणजे एकूण सात पाने होतील.

मला वरणभात, पोहे, बटाट्याची सुकी भाजी आणि खिचडी एवढेच नीट जमते. पोळ्या लाटता येतात, परंतु त्या मऊ राहत नाहीत. घरात दोन शेगड्यांचा गॅस, पाच लिटरचा कुकर, एक मोठी कढई, दोन पातेली आणि मिक्सर आहे. आत्या चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगे खात नाही. आतोबांना मधुमेह आहे. गोड पदार्थ, एक भाजी, भात आणि काहीतरी पातळ असे साधे पण पाहुण्यांना शोभेल असे जेवण मला कसे आखता येईल? आईने दिलेला काळा मसाला माझ्याकडे आहे, तो चालेल का?

वाटणघाटण

पदार्थ निवडताना तो किती अवघड आहे यापेक्षा तो कधी करून ठेवता येतो, हे आधी पाहावे असे मी सुचवेन. नवशिक्याची फजिती बहुतेक वेळा चवीत होत नाही. पाहुणे दारात उभे असताना तीन पदार्थ एकाच वेळी शेगडीवर असतात आणि शेगड्या दोनच असतात, तेथे ती होते. म्हणून आदल्या रात्री होणारा एक पदार्थ, दुपारी होणारे दोन आणि ऐनवेळी गरम लागणारा एकच, अशी वाटणी करावी.

ऐनवेळचा पदार्थ मसालेभात असावा. सात जणांत एक लहान मूल आहे आणि सोबत पोळ्याही असतील, तेव्हा 500 ग्रॅम तांदूळ पुरेसा होतो. वांगे वर्ज्य असल्यामुळे तोंडली आणि मटार घालावेत. तोंडली उभी चिरायला तुमच्या अंदाजापेक्षा बराच अधिक वेळ लागेल, म्हणून ती दुपारीच चिरून डब्यात ठेवावीत. तांदूळ धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. कुकरमध्ये तेलाची फोडणी करून मोहरी, हिंग, हळद, तमालपत्र, दोन-चार लवंगा आणि दालचिनीचा तुकडा घालावा, त्यावर तोंडली व मटार परतावेत आणि मग तांदूळ घालून तो कोरडा वाटेपर्यंत परतावा. नंतर गोडा मसाला, मीठ, चिमूटभर साखर आणि तांदळाच्या दुप्पट कढत पाणी घालावे. तांदूळ नवा असल्यास पावणेदोनपट पाणी पुरते, कारण जुना तांदूळ अधिक पाणी पितो. झाकण लावण्यापूर्वी कुकरमधले पाणी चमच्याने चाखून पाहावे. ते किंचित खारट लागले, तर शिजलेला भात बरोबर होतो. मिठाचे माप पाठ करण्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे. दोन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करावा आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. या प्रमाणात पाच लिटरचा कुकर निम्म्याच्या आसपास भरतो आणि भातासाठी त्याहून अधिक भरू नये, म्हणून माणसे वाढली तर तांदूळ न वाढवता पोळ्या वाढवाव्यात.

तुमच्या काळ्या मसाल्याबद्दल आधी आईला फोन करून विचारावे. पुण्याकडच्या गोड्या मसाल्यात कांदा-लसूण नसतो, परंतु काळ्या मसाल्यात काही घरांत भाजलेला कांदा असतो. आत्या ताटावर बसल्यावर ही शंका निघणे बरे नव्हे.

दुपारी करून ठेवण्याचे पदार्थ म्हणजे मटकीची उसळ आणि टोमॅटोचे सार. सात जणांसाठी पाव किलो मटकी गुरुवारी रात्री भिजत घालावी, शुक्रवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी. पावसाळी हवेत शनिवारी सकाळपर्यंत चांगले मोड येतात. मोडाची मटकी कुकरमध्ये घालू नये, तिचा लगदा होतो. कढईत फोडणीवर परतून, थोडे पाणी घालून आणि झाकणावर पाणी ठेवून ती वाफेवर शिजवावी. आमसूल आणि गूळ मटकी मऊ झाल्यानंतरच घालावेत, कारण आंबट आधी पडले की कडधान्य शिजायला फार वेळ घेते. उसळ मुरल्यावर अधिक चांगली लागते, त्यामुळे ती चार तास आधी झाली तरी काही बिघडत नाही.

तिसरी_शिट्टी

वरील बेत चांगला असला तरी नवशिक्याला तो जड वाटेल, असे माझे प्रामाणिक मत आहे. लहान मूल असलेल्या कुटुंबाला पावभाजीइतके आवडणारे आणि करणाऱ्याला सोपे जाणारे दुसरे काही नसते. भाजी संध्याकाळी पाचलाच तयार होते, पाव विकत मिळतात, आणि पाहुणे आल्यावर तव्यावर लोणी सोडून पाव भाजणे एवढेच काम उरते. पोळ्यांचा प्रश्नच येत नाही आणि भांडीही कमी लागतात.

पोळपाट

पावभाजीचा सल्ला एरवी अगदी योग्य ठरला असता, पण येथे आत्यांचा चातुर्मास आहे. कांदा-लसणाशिवाय पावभाजी करता येते, मात्र ती पहिल्यांदाच करणाऱ्याने पाहुण्यांसाठी करू नये, कारण तिची बरीचशी चव त्या दोहोंवरच उभी असते. मटकीची उसळ, मसालेभात आणि सार यांना मुळातच कांदा-लसूण लागत नाही. त्यामुळे आत्यांसाठी वेगळे काही केले आहे, असे ताटात दिसत नाही. तो बेतच मला अधिक पटतो. तरीही दोन-तीन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट पोळ्यांची. त्या विकत आणाव्यात आणि त्याबद्दल मनात काही ठेवू नये. पुण्यात बहुतेक वस्त्यांत पोळी-भाजी केंद्रे आहेत, मात्र शनिवारी संध्याकाळी तेथे गर्दी असते, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावे. मसालेभात असल्यामुळे मोठ्या माणसाला दोन-तीन या हिशेबाने पंधरा-सोळा पुरतील. घरी आणल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, नाहीतर वाफ धरून त्या ओलसर होतात.

दुसरी गोष्ट गोडाची. शिरा किंवा खीर यांच्या नादी लागू नये, कारण दोन्हींना शेगडी लागते आणि दोन्ही करताना समोर उभे राहावे लागते. चक्का विकत आणून श्रीखंड करावे, त्याला गॅसच लागत नाही. अर्धा किलो चक्का आणि साधारण 400 ग्रॅम साखर शुक्रवारी रात्री एकत्र कालवून फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळपर्यंत साखर विरघळते. मग ते पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढले की गुठळ्या राहत नाहीत. चक्का आंबट असेल तर साखर थोडी वाढवावी. आतोबांसाठी साखर घालण्यापूर्वीच दोन चमचे चक्का बाजूला काढून ठेवावा आणि तो काकडीच्या कोशिंबिरीत कालवून त्यांना द्यावा. श्रीखंड घ्यायचे की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे. वाढताना आग्रह करू नये आणि सर्वांसमोर त्यांच्या साखरेची चर्चा तर मुळीच करू नये.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेळ. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या माणसाचे जेवण लांबलेले चालत नाही. आतोबा रात्री किती वाजता जेवतात हे आत्यांना आधीच विचारून घ्यावे आणि सगळा बेत त्या वेळेपासून मागे मोजत आखावा. त्याच फोनमध्ये श्रावणी शनिवारचा कुणाचा उपवास आहे का, हेही विचारता येईल; काही घरांत तो धरतात आणि रात्री जेवून सोडतात, आणि दिवसभर उपाशी असलेल्या माणसाला नऊपर्यंत ताटकळत ठेवणे योग्य नाही. समजा आठची वेळ ठरली, तर भाताची फोडणी सातला पडली पाहिजे. साडेसातच्या सुमारास शिट्ट्या होतात आणि बंद कुकरमध्ये भात आठपर्यंत गरम राहतो. मधल्या वेळात दुसऱ्या शेगडीवर आधी उसळ आणि मग सार गरम करावे. भात सकाळीच करून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. शिजलेला भात तासन्‌तास उबदार हवेत राहिला तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. उरलेला भातही पाहुणे गेल्यावर ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवावा.

वाटणघाटण

पोळपाट यांच्या वेळेच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. सार करताना नारळाचे दूध घालू नये, एवढे मी जोडतो. पुन्हा गरम करताना उकळी आली तर ते फुटते. उकडलेले टोमॅटो मिक्सरमधून काढून गाळावेत आणि तुपात जिरे-हिंगाची फोडणी द्यावी; मीठ आणि थोडा गूळ घातला की झाले, आणि असे सार कितीदाही गरम करता येते. कोशिंबिरीसाठी काकडी चोचून, दाण्याचे कूट आणि दही वेगवेगळे ठेवावे. मीठ अगदी वाढण्याच्या वेळी घालावे, कारण मिठाने काकडीला पाणी सुटते आणि कोशिंबिरीची कढी होते. मुलीसाठी तिखट सगळीकडे बेताचे ठेवून मोठ्यांना मिरचीचे लोणचे द्यावे.

शक्य असल्यास आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी निम्म्या प्रमाणात मसालेभात करून मित्राला खाऊ घालावा. तुमचा तांदूळ किती पाणी पितो आणि तुमचा कुकर शिट्टीला किती वेळ घेतो, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही.

लातूरकर_पुण्यात

सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले, आमच्या काळ्या मसाल्यात कांदा आहे, त्यामुळे गोडा मसाला विकत आणतो. आत्याला फोन केला तेव्हा आतोबा पावणेआठला जेवतात असे कळले. उपवास कोणाचाच नाही. पावभाजीचा बेत दिवाळीनंतरसाठी राखून ठेवला आहे. दोन शंका उरल्या आहेत. श्रीखंडात जायफळ किती घालावे? आणि मी व मित्राने आधी वाढून मागाहून जेवावे, की सर्वांसोबत बसावे? आमच्या गावाकडे यजमान मागाहून जेवतो.

पोळपाट

एवढ्या श्रीखंडाला पाव जायफळ किसून पुष्कळ होते, त्याहून अधिक घातले तर ते कडवट लागते. वेलची पूड अर्धा चमचा घ्यावी. बसण्याबद्दल सांगायचे तर पहिले वाढप तुम्ही दोघांनी करावे, कुकर, उसळ आणि पोळ्यांचा डबा पानांजवळच आणून ठेवावा, आणि मग सर्वांसोबत बसावे. तुम्ही उभे राहिलात तर आत्या दोन घास खाऊन वाढायला उठतील. आणि पावणेआठचे जेवण असेल, तर भाताची फोडणी पावणेसातला पडली पाहिजे.