एकपात्रीत प्रेक्षकांना हात वर करायला लावणं पटतं का?

तिसरी रांग:
शनिवारी आईला घेऊन एका एकपात्रीला गेले होते. विषय देवाधर्माची उलटतपासणी. एक खुर्ची, पाण्याचा ग्लास आणि दीड तास एकटा माणूस. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या भूकंपाचा भाग तर अंगावरच आला. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च गच्च भरलेली. छतं कोसळली, मेणबत्त्या पडून आगी लागल्या, पाण्याकडे पळाले त्यांना लाटेने गाठलं. हे सांगताना त्याने फक्त ग्लास हलवला. पाणी हिंदकळलं, बस.

मग प्रेक्षागृहातले दिवे लागले. "आज सकाळी प्रार्थना कोणी केली?" आईने हात वर केला. अख्ख्या रांगेत एकटीने. तो तिच्याकडे बघत थांबला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. तो पुढच्या वाक्यावर गेला तेव्हाच तिने हात खाली घेतला.

परतताना म्हणाली, "आवाज छान आहे हो मुलाचा." त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. असं करावं का नटाने? मला तो आवडला होता, म्हणून जास्त लागलं.

विंगेतला:
मी हौशी एकपात्री करतो. समोर नट नसतो, दुसरा माणूस नजरेनेच उभा करावा लागतो. मुलगा बोलताना नजर वर उजवीकडे, बाप बोलताना खाली डावीकडे. नजर जरा ढळली की बाप गायब. अशात प्रेक्षक म्हणजे आयता मिळालेला नट, मोह होतोच. पण हात वर झाला की त्याला काहीतरी द्यावं लागतं. एखादा शब्द, निदान मान तरी हलवावी. नुसता बघत राहिला म्हणजे एकतर पुढचं आठवेना (माझं झालंय, घाम फुटतो), नाहीतर हशाची वाट बघत होता. दुसरं असेल तर हलकटपणा. दिवे किती वेळ होते?

शंकेखोर:
देवाला प्रश्न चालतात, मग भक्ताला का नकोत? विषय माहीत असूनच गेलात ना?

जुनी पुस्तकं:
लिस्बन खरं, पण अर्धं. फ्रेंच लेखक व्हॉल्टेअरने त्यावर कविता लिहून 'जे होतं ते भल्यासाठीच' म्हणणाऱ्यांना झोडपलं. १७५६ मध्ये तत्त्वज्ञ रूसोने त्याला पत्रातून सुनावलं, की सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं तिथे निसर्गाने थोडीच दाटीवाटीने बांधली होती! हे होतं का प्रयोगात? नसणार. रंगमंचावर दुसरं पात्रच नाही, रूसो येणार कुठून.

तिसरी रांग:
रूसो नव्हता. विंगेतला, दिवे दहाएक सेकंद होते. तो गडबडला असेल हे डोक्यातच आलं नाही. ग्लास उचलला होता खरा, पण पाणी प्यायला नाही. शंकेखोर, विचारा की भक्ताला, पण उत्तर येईपर्यंत थांबा.

आणि एक लिहायचं टाळलं होतं. त्या सकाळी प्रार्थना मीही केली होती, आईच्या शेजारी बसून. माझा हात मांडीवरच राहिला.