ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमधले सोपे बग (चुका) नवीन पोरांसाठी राखून ठेवायचे का?

साखरपेठकर: माझं मत, ठेवायलाच पाहिजेत. सोलापुरात मी शिकवते त्या कॉलेजातली पोरं गिटहबवर, म्हणजे असा कोड ठेवतात त्या साइटवर, 'गुड फर्स्ट इश्यू' (नवख्यासाठी सोपं काम) लेबल शोधतात आणि मिळतं काय, तर कधीचा पडून असलेला इश्यू, खाली पंधरा जणांचं 'मला असाइन करा' (हे काम मला द्या) आणि मेंटेनरचं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं, एक उत्तर नाही. सेकंड इयरची एक पोरगी दोन रविवार घालवून गप्प बसली, परत नाव काढलं नाही. लिब्रेऑफिस या फुकट ऑफिस सॉफ्टवेअरवाले 'ईझी हॅक'मध्ये (सोप्या कामांच्या यादीत) कोडमध्ये कुठं बघायचं तेही लिहितात, डेबियन या लिनक्समध्ये बगला 'न्यूकमर' टॅग लावतात, त्याचा अर्थ त्या बगवरचा उपाय माहितीय, पण ते काम दुसऱ्यानं करावं असं मेंटेनरच सांगतो.

पार्क चौक: मॅडम, मेंटेनरच्या बाजूनं पण बघा की. मी नोकरी करून, रात्री जेवणं झाल्यावर एक छोटी लायब्ररी (दुसरे प्रोग्रॅम वापरतात तो तयार कोड) सांभाळतो. दोन ओळींचा बग मी दहा मिनिटात मिटवतो, तोच नवख्याला समजेल असा लिहायचा, मग पीआर (त्यानं पाठवलेला कोडमधला बदल) तपासायचा, टेस्ट का फेल झाली ते सांगायचं, आठवडा जातो आणि निम्मे मधेच गायब. २०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवा, ऑक्टोबरात पीआर पाठवले की टीशर्ट मिळायचा तो उपक्रम, टीशर्टसाठी रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घालून पीआरचा नुसता पूर. शेवटी नियम बदलला, ज्या प्रोजेक्टला हवंय त्यांनीच सामील व्हायचं.

साखरपेठकर: टीशर्टवाले आणि शिकणारे एक कसे ओ? आमच्या घरी माग होते. नवीन पोराला आधी कांडी भरायला बसवायचे. वडिलांना ती त्याच्यापेक्षा पटापट भरता यायची, तरी त्याच्याकडंच द्यायचे, पुढं माग चालवायला माणूस लागणारच ना. तुमची लायब्ररी उद्या कोण बघणार?

विजापूर रोड: मला वाटतं बग सोपा असून भागत नाही, खरं घोडं बिल्डपाशी, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयार करण्यापाशी, अडतं. माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर लिब्रेऑफिसचं बिल्ड रात्रभर चाललं होतं, पहाटे लाइट गेली, बॅटरी आधीच मेलेली, सगळं बंद. बग एका ओळीचा! त्यापेक्षा रोज वापरता त्यातच चूक शोधा. मला मराठी मेनूत एक शब्द चुकलेला दिसला, वेबलेट या भाषांतराच्या साइटवर दुरुस्ती सुचवली, कंपाइल बिंपाइल काही लागलं नाही.

पार्क चौक: भाषांतर चांगलंच, पण त्यातनं कोड शिकणार नाहीत. बरं, मी तीन बग हात न लावता ठेवतो. 'असाइन करा' म्हणायचं नाही, आधी बग स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवायचा.

साखरपेठकर: अट मान्य. पण बग घडवायचा कसा हेच तर नवख्याला कळत नाही, त्या स्टेप्स आणि फाइलचं नाव तुम्ही लिहा. लिहिलंत की मी त्या पोरीला परत विचारते.