मदत हवी आहे: कझाक विहीणबाई येतायत! भांडी, पुस्तकं, भाषा?

नमस्कार मंडळी,

धाकट्याची बायको कझाकस्तानातल्या अल्माटीची. येत्या मार्चमध्ये, नेमकी त्यांच्या नौरीझ या नववर्षाच्या सणाच्या सुमारास (२२ मार्च), तिची आई नाशिकला आमच्याकडे महिनाभर राहायला येतेय. विहीणबाईंना कझाक आणि रशियन येतं, मला दोन्ही नाही. सूनबाई दिवसभर ऑफिसात. तोवर आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून हसायचं तरी किती?

आधी भाषा. त्यांच्यात विहिणीला खास शब्द आहे, 'कुदागी', आणि व्याह्याला 'कुदा'. हे ऐकलं आणि माझी निम्मी भीती गेली. 'सेन' म्हणजे तू, 'सिझ' म्हणजे तुम्ही. 'उय' म्हणजे घर, 'उयदे' घरात, 'उयदेन' घरातून. प्रत्यय चिकटवायचे आणि क्रियापद शेवटी, म्हणजे आपलंच. आजीला 'अ‍ॅझे' म्हणतात (योगायोगच, पण गोड). घोडं अडलंय लिपीपाशी. नेटवरून रशियन अक्षरांचा तक्ता छापून घेतला, हौसेनं 'कुदागी' लिहायला बसले, तर त्यातला क, उ आणि ग, तिन्ही अक्षरं तक्त्यात नाहीत! सूनबाई हसून म्हणाली, आमची अक्षरं ४२, त्यातली ९ रशियनमध्ये नसतातच. शिवाय २०१७ पासून लॅटिन लिपी आणायचं चाललंय म्हणे. मग मी सिरिलिक (म्हणजे ही रशियनसारखी लिपी) शिकू की थांबू? कझाकचं सोपं, आवाज ऐकवणारं काही आहे का?

आता स्वयंपाकघर. बेशबारमाक म्हणजे 'पाच बोटं', हातानं खायचं. पातळ लाटलेले पिठाचे चौकोन मटणाच्या रश्शात उकडायचे, वर मटण आणि कांदा. थोडक्यात मटणातल्या चकोल्या. (घोड्याचं मांस माझ्या हातून होणार नाही, हे सुनेनं आईला आधीच कळवलंय.) पहिल्या खेपेला माझे चौकोन जाड राहिले आणि पातेल्यात एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झाला. त्यांच्याकडे लांब, सडपातळ लाटणं असतं, माझं पोळीपुरतं. इथे तसं कुठे मिळेल? कझान म्हणून जाड बिडाचं, गोल बुडाचं खोल भांडं वापरतात. माझी बिडाची कढई उथळ आहे. आणि मांती (खिमा भरलेले, मोमोसारखे) उकडायला मोदकपात्र चालेल का?

पुस्तकांत अबाई कुनानबाईउली (१८४५–१९०४) यांचे ४५ गद्य 'शब्द' इंग्रजीतून वाचायला घेतलेत. आपल्याच माणसांचे कान उपटणारा लेखक, आवडला. पण घरातलं, साध्या माणसांचं आयुष्य कळेल असं काही सुचवा.

प्रतिसाद:
काकू, एमबीबीएससाठी अल्माटीत होतो. मोदकपात्र बिनधास्त वापरा, फक्त जाळीला तेल लावा, नाहीतर मांतीचं बूड तिथेच राहतं. लाटण्यासाठी गोळा लहान घ्या, चौकोन थोडे सुकू द्या आणि रस्सा खळखळ उकळत असताना एकेक सोडा. कझानच्या मागे लागू नका, जाड बुडाचं पातेलं पुरे.

सिरिलिकच शिका. औषधाच्या दुकानापासून बसपर्यंत मी सगळीकडे तीच वाचली. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या मध्य आशियाई भाषांच्या केंद्राचं कझाकचं साहित्य बघा. पुस्तक हवं तर मुखामेत शायाखमेतोव यांची 'द सायलेंट स्टेप' हे आठवणींचं पुस्तक वाचा. १९३० च्या दशकातल्या दुष्काळात एका भटक्या पशुपालक कुटुंबाचं काय झालं ते त्यात आहे. जेवण झाल्यावर वाचू नका.

एक महत्त्वाचं. चहा दुधाचाच पितात, पण बिनकानाच्या वाटीत, अर्धाच ओततात आणि पुन्हा पुन्हा भरतात. काठोकाठ भरून दिलात तर 'आता निघा' असा अर्थ निघतो.

धागाकर्ती:
अगं बाई! मी तर पहिल्याच दिवशी मोठा मग भरून देणार होते. वाट्या चिनीमातीच्या घेऊ की आमटीच्या स्टीलच्या चालतील?